गोळी, थेंब की लावणी? टक्कल पडायला लागल्यावर काय करायचं

कपाळ मागे सरकायला लागलं की माणूस दोनपैकी एक टोक गाठतो. एक तर माक्याच्या तेलापासून कांद्याच्या रसापर्यंत सगळं करून बघतो, नाहीतर 'एका दिवसात ३००० ग्राफ्ट (म्हणजे उचलून लावायचे केसांचे झुबके), सुलभ हप्ते' अशी पाटी लावलेल्या क्लिनिकच्या खुर्चीत जाऊन बसतो. केस नेमके कशाने जातायत, हे सगळ्यात आधी बघायला हवं. तेवढंच राहून जातं.

दुसरा घोळ असा की औषध आणि शस्त्रक्रिया म्हणजे एकाच रोगावरचे स्वस्त आणि महाग असे दोन पर्याय, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. औषध डोक्यावर अजून जिवंत असलेल्या केसांना धरून ठेवतं, थोडं जाड करतं. शस्त्रक्रिया मागचे केस उचलून पुढे लावते. केसाचं नवं मूळ तयार करणारी कोणतीही गोष्ट आज बाजारात नाही, ना बाटलीत ना ऑपरेशन थिएटरमध्ये. एवढं पक्कं धरलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

केस गळणं वेगळं, टक्कल पडणं वेगळं

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक स्वतंत्र. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे थांबा, मग तीनेक महिने विश्रांती आणि शेवटी गळणं. त्याच मुळातून पुन्हा नवा केस येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हा आजार नाही. मोरीच्या जाळीवर गुंता दिसला म्हणून टक्कल पडणारच असं नाही. उलट, फारसे केस न गळताही टक्कल पडू शकतं.

डेंगी, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, किंवा महिन्यात दहा किलो उतरवणारं डाएट, अशा धक्क्याने पुष्कळ मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम केस सोडतात. गणपतीत डेंगी झालेल्याचे केस दिवाळीच्या सुमारास मुठीमुठीने येतात आणि खापर फुटतं उटण्यावर. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. मूळ शाबूत असतं. या काळात जो कुणी जे काही चोळतो, त्याला त्याचंच श्रेय मिळतं.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांतल्या लोकांचे केस चार-आठ दिवसांत झडून डोकी गुळगुळीत झाली. तपासात संशय गेला तो सेलेनियम शरीरात जास्त गेल्यावर. तिथे या लेखातलं कुठलंच औषध कामाचं नव्हतं. नाण्याएवढा गोल चट्टा पडतो ती चाई. तिच्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते आणि उपचार स्टेरॉइडच्या बारीक इंजेक्शनांपासून सुरू होतात. काही आजारांत मुळाच्या जागी व्रण होऊन कातडी चकचकीत होते. तिथे आजार शांत होण्याआधी केस लावले तर लावलेलेही जातात.

या सगळ्यांतून उरतं ते नेहमीचं, वंशाने येणारं टक्कल. पुरुषांत कपाळाचे दोन कोपरे आणि डोक्याचा भोवरा इथून सुरू होणारं, बायकांत भांग रुंदावत नेणारं. औषध की शस्त्रक्रिया हा प्रश्न मुख्यतः याच प्रकाराचा आहे.

सुतळीचा दोरा, दोऱ्याची लव

पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. एका एन्झाइमच्या मदतीने शरीर त्यातल्या थोड्या भागाचं डीएचटी नावाचं जास्त तिखट रूप बनवतं. ज्यांच्या माथ्यावरची मुळं जन्मतःच डीएचटीला हळवी असतात, त्यांच्यात प्रत्येक फेरीला मूळ थोडं आक्रसतं. वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो. पहिल्या फेरीला सुतळी, पुढच्या फेरीला दोरा, मग नुसती लव. केस 'जात' नाही, बारीक होत होत दिसेनासा होतो. मानेच्या वरची आणि कानामागची मुळं मात्र डीएचटीला दाद देत नाहीत. म्हणून सगळं गेलं तरी मागची झालर राहते, आणि सगळी शस्त्रक्रिया त्या झालरीच्या जिवावर चालते.

हे कळलं दोन वाटांनी. वयात येण्याआधी वृषणं काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात दाखवलं. मग १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या काही पुरुषांत ते एन्झाइम जन्मतःच काम करत नव्हतं. टेस्टोस्टेरॉन पुरेसं, पण डीएचटी नगण्य. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि डोक्यावरचे केस टिकले. पुढे येणारी गोळी या निरीक्षणावरच उभी आहे.

हेल्मेट, बोअरचं पाणी, टोपी? क्षार जास्त असलेल्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण ते पाणी कपाळाचे कोपरे निवडून मागे सरकवत नाही. 'मामाला टक्कल म्हणजे भाच्याला' यात अर्धं तथ्य आहे. एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं खरं, पण जनुकं पुष्कळ आहेत आणि वडिलांकडचीही त्यात असतात.

तपासणीत काय व्हायला हवं

चांगला त्वचारोगतज्ज्ञ टाळूवर डर्मोस्कोप नावाचं उजेडाचं भिंग टेकवतो. वंशाच्या टकलाची खूण तिथे स्पष्ट दिसते: शेजारीशेजारी उभे असलेले केस एका जाडीचे नसतात. एक सुतळी, शेजारी दोरा, त्याच्या शेजारी लव. पाचव्या भागाहून जास्त केसांत असा फरक दिसला तर निदान बळकट होतं. मग तेच भिंग मागच्या झालरीवर. तिथेही जाडी अशीच खालीवर असेल, तर त्या माणसासाठी शस्त्रक्रियेचं दार जवळपास बंद, कारण उचलायचे तेच केस उद्या बारीक होणार. हे दुसरं पाहणं पाच मिनिटांचं असतं आणि सर्वांत जास्त चुकवलं जातं.

धक्क्याच्या गळतीचा संशय असेल तर पन्नास-साठ केसांची बट धरून हळू ओढतात. सहा-सातहून जास्त हातात आले तर गळती चालू आहे. आदल्या दिवशी केस धुतले असतील तर ही चाचणी फसवते. रक्तात हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच एवढं बहुतेकांना पुरतं.

टकलाचा टप्पा सांगायला पुरुषांसाठी नॉरवुडची पट्टी वापरतात. पहिली पायरी म्हणजे शाबूत डोकं, सातवी म्हणजे फक्त झालर. स्वतःची पायरी विचारून घ्यावी, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर आहे.

थेंब: मिनॉक्सिडिल

हे मुळात रक्तदाबाचं औषध. १९७९ मध्ये अमेरिकेत गोळी आली आणि घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस उगवू लागले. तोच दुष्परिणाम बाटलीत भरून १९८८ मध्ये डोक्याला लावायचं औषध मंजूर झालं. ते डीएचटीला हात लावत नाही. मुळाचा वाढीचा काळ लांबवतं आणि बारीक केस थोडे जाड करतं.

पुरुषांना साधारण ५ टक्क्यांचं द्रावण, दिवसातून दोनदा, दर वेळी १ मिली. ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर पुरायला हवी. दोन महिने पुरली तर औषध अर्धंच लागतंय. सर्वांत मोठी चूक लावण्यात होते. लोक ते तेलासारखं केसांना चोपडतात. औषध कातडीला लागायला हवं. टाळू कोरडी हवी. केस बाजूला करून भांग पाडायचा, ड्रॉपर कातडीजवळ धरून थेंब सोडायचे, बोटाने पसरायचे, बोटभर अंतरावर दुसरा भांग. चार तास डोकं धुवायचं नाही. रात्रीचं औषध झोपण्याआधी दोन तास, नाहीतर ते उशीला लागतं, उशीचं गालाला लागतं आणि गालावर लव येते. नंतर हात साबणाने धुवायचे. युरोपात, बापाच्या डोक्याला लागलेलं औषध अंगाला लागून तान्ह्या बाळांच्या अंगावर केस आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, तेव्हा घरात बाळ असेल तर जास्त सांभाळायचं. घरात मांजर असेल तरीही. मांजराला हे औषध विषारी आहे, चाटल्यानेसुद्धा.

टाळूला खाज आणि पापुद्रे आले तर दोष बहुधा औषधाचा नसतो, ते ज्यात विरघळवलंय त्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. अशांनी फेसाच्या रूपातलं औषध घ्यावं, त्यात ते नसतं.

लावायला लागल्यावर केस जास्तच गळतायत, मग?

दोन ते आठ आठवड्यांच्या दरम्यान असं होतं आणि बरेच लोक इथेच बाटली फेकतात. विश्रांतीत बसलेली मुळं औषधाने वेळेआधी जागी होतात आणि नवा केस जुन्याला ढकलून बाहेर काढतो. म्हणजे हे गळणं औषध लागू पडत असल्याचं लक्षण असू शकतं. चार महिन्यांआधी निकाल मागू नये, सहा महिन्यांआधी निर्णय घेऊ नये. पहिल्या दिवशी ठरावीक खिडकीत, ठरावीक अंतरावरून, कोरड्या केसांचे चार फोटो काढून ठेवावेत: समोरून, दोन बाजूंनी, वरून. आरसा रोजचा असल्यामुळे खोटं बोलतो.

काहींच्या टाळूत या औषधाला कामाचं रूप देणारं एन्झाइमच कमी असतं, त्यांना फरक पडत नाही. आता बरेच डॉक्टर अशांना हेच औषध गोळीतून, ०.२५ ते ५ मिलिग्रॅमच्या बारीक डोसात देतात. गोळीची मूळ मंजुरी रक्तदाबासाठी आहे. घोट्याला सूज, छातीत धडधड आणि अंगभर केस हे तिचे त्रास. हृदयाचा आजार असेल तर स्वतःहून सुरू करण्याची ही गोष्ट नाही.

गोळी: फिनास्टेराइड

फिनास्टेराइड मुळावरच घाव घालतं. डीएचटी बनवणारं एन्झाइम अडवून रक्तातलं डीएचटी साधारण दोन-तृतीयांशाने उतरवतं. ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये आली, केसांसाठी १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये. दिवसाला एक, जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत दोन वर्षांनी, गोळी घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांचे केस मोजणीत कमी झाले होते, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचे. गळणं थांबवण्यात ती पटाईत आहे. गेलेलं परत आणण्यात मध्यम. भोवऱ्यावर चांगली, कपाळाच्या कोपऱ्यांवर कमजोर.

याहून जोरकस ड्युटास्टेराइड. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते केसांसाठी मंजूर आहे, अमेरिकेत फक्त प्रोस्टेटसाठी. ते शरीरातून निघायला काही महिने लागतात, त्यामुळे त्रास झाला तर तोही लांबतो. पहिली पायरी म्हणून ते घेण्यात शहाणपणा नाही.

पण ती गोळी पुरुषत्वावर येते म्हणतात

प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर 'काही होत नाही' असं नाही. चाचण्यांच्या पहिल्या वर्षात कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं अशा तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत आल्या. खोट्या गोळीवर त्याच तक्रारी २.१ टक्क्यांत होत्या. म्हणजे गोळीच्या खात्यावर शंभरात दोनेक. बहुतेकांच्या तक्रारी औषध थांबवल्यावर, काहींच्या चालू असतानाही जातात. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात ५ मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या ज्या पुरुषांना आधी धोका सांगितला होता, त्यांच्यात ४३.६ टक्क्यांना तक्रारी आल्या. ज्यांना सांगितला नव्हता त्यांच्यात १५.३ टक्क्यांना. धास्तीचाही वाटा मोठा आहे.

म्हणून सगळंच मनाचे खेळ असंही नव्हे. गोळी थांबवल्यावर तक्रारी टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत. आणि २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. नैराश्याचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगायचा, आणि गोळी सुरू केल्यावर मन कारण नसताना खचायला लागलं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. घरातल्या एका माणसाला हे माहीत असलेलं बरं. स्वतःचं उतरलेलं तोंड स्वतःला उशिरा दिसतं.

आणखी तीन गोष्टी दुकानदार सांगत नाही. गोळी पीएसए या प्रोस्टेटच्या रक्तचाचणीचा आकडा जवळपास निम्म्यावर आणते. डॉक्टरांना माहीत नसेल तर कॅन्सरची खूण नजरेआड होऊ शकते. रक्तदानाआधी गोळी घेत असल्याचं सांगायचं. ते रक्त गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांची वाढ बिघडू शकते, म्हणून शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबवतात. त्याच कारणाने गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळायची नाही. आणि मूल होण्याचे प्रयत्न चालू असून शुक्रजंतू आधीच कमी असतील, तर गोळी थांबवण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं.

आयुष्यभर घ्यायची? हो, जोवर केस हवेत तोवर. थेंब बंद केले की तीन-चार महिन्यांत, गोळी बंद केली की वर्षभरात, कमावलेलं परत जातं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी चढतं तसंच हे.

लावणी: तरवा कसा काढतात

कोकणातल्या माणसाला केसांची शस्त्रक्रिया दोन मिनिटांत समजेल. तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटताना मुळाला चिखल राहायला हवा, रोप उन्हात वाळता कामा नये, वाकडं खोचलं तर वाकडंच वाढतं, आणि लावल्यावर ते चार दिवस मान टाकतं. इथेही सगळं तसंच. फरक एकच. तरव्याची वाफी पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. डोक्यामागची वाफी आयुष्यात एकदाच पेरलेली असते.

केस कातडीतून एकेकटे येत नाहीत, एक ते चारच्या झुबक्याने येतात. असा एक झुबका मुळांसकट काढला की त्याला ग्राफ्ट म्हणतात. काढायच्या पद्धती दोन. एफयूटीमध्ये मागून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीची कातडीची पट्टी कापतात, जखम शिवतात आणि पट्टीतून सूक्ष्मदर्शकाखाली झुबके सोडवतात. आडवी रेघ कायम राहते, बारीक कटिंग केली की दिसते. एफयूईमध्ये ०.७ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचने एकेक झुबका सोडवतात. 'व्रण राहत नाही' ही जाहिरात खोटी. रेघेऐवजी हजारो पांढुरके ठिपके राहतात, इतकंच.

पंच फिरवताना कौशल्य लागतं ते कोनाचं. केस कातडीच्या वर ज्या कोनात दिसतो, आत थोडा वेगळा वळलेला असतो. पंच सरळ घुसवला की मूळ मधूनच कापलं जातं. असा कापलेला ग्राफ्ट पुढे लावला तरी उगवेल याचा भरवसा नाही, आणि मागची जागा तर रिकामी झालीच. चांगला हात दर काही ग्राफ्टनंतर थांबून भिंगाखाली मुळं बघतो आणि खोली बदलतो. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ठेवतात. बोटावर काही मिनिटं वाळले तरी मरतात.

कपाळाच्या रेषेवर फक्त एका केसाचे ग्राफ्ट, तेही थोडे नागमोडी, कातडीला लगटून पुढे झुकलेले. दोन-तीन केसांचे त्यांच्या मागे. पूर्वी ४ मिलिमीटरचे गठ्ठे लावत, तेव्हा डोकं बाहुलीच्या डोक्यासारखं दिसे. आजही घाईच्या कामात दोन केसांचे ग्राफ्ट पहिल्या ओळीत खोचले जातात आणि ते लांबून ओळखू येतात. रेषा भुवयांच्या मधल्या बिंदूपासून साधारण सात-आठ सेंटिमीटरवर असावी. अठराव्या वर्षीची रेषा हवी म्हणणाऱ्याला ती आखून देणारा डॉक्टर त्याच्या पन्नाशीचा विचार करत नसतो.

शिल्लक किती, खर्च किती

हा हिशेब घरी करता येतो. शाबूत डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये सत्तर-ऐंशी झुबके असतात. निम्मे गेले तरी डोळ्याला फारसं कळत नाही, म्हणून शस्त्रक्रियेत ४० च्या आसपास लावले की डोकं भरलेलं दिसतं. सहाव्या पायरीचं टक्कल साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरा. ४० ने गुणलं की ८००० ग्राफ्ट. मागून आयुष्यभरात सुरक्षितपणे निघतात पाच-सहा हजार. म्हणजे पूर्वीसारखं डोकं हे गणितातच बसत नाही. बसतं ते असं: कपाळ आणि त्यामागचा भाग, साधारण ५० ते ६० चौरस सेंटिमीटर, २००० ते २४०० ग्राफ्ट. चेहऱ्याला चौकट मिळते. भोवरा उरलाच काही साठा तर नंतर, कारण तिथे केस गोल फिरतात, एकमेकांना झाकत नाहीत आणि ग्राफ्ट गिळत राहतात. काही जण दाढीतले केस भर म्हणून घेतात. ते राठ असतात, मध्ये चालतात, कपाळावर नाही.

साठ्याबाहेर काढलं तर मागचं डोकं वाळवी लागल्यासारखं दिसतं. ते दुरुस्त करायला जागा उरत नाही.

एकदाच लावून मोकळं का होऊ नये

कारण लावलेले केस टिकतात आणि आजूबाजूचे मूळचे जात राहतात. बाविसाव्या वर्षी कपाळाचे कोपरे भरून घेतले, औषध नको म्हटलं. तिसाव्या वर्षी कोपरे तसेच, त्यांच्या मागे मोकळं मैदान, आणि मागचा साठा अर्धा संपलेला. म्हणून पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया शक्यतो करत नाहीत. आधी वर्षभर औषध, त्याने गळती थांबली की उरलेल्या रिकाम्या जागेचा आकार ठरतो आणि ग्राफ्टचा आकडा बहुधा खाली येतो. शस्त्रक्रियेनंतरही औषध चालूच. ज्याला गोळी नको किंवा सोसत नाही, त्याने रेषा वरच ठेवून, पुढे जाणाऱ्या केसांचा हिशेब आधीच धरून काम करून घ्यावं.

पाठीमागून येणारा दुसरा धक्का: लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळतात. मूळ आत असतं, केस पडतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक कोंब, सहाव्याला निम्म्याहून अधिक, निकाल बारा महिन्यांनी, भोवऱ्याचा दीड वर्षाने. लग्न दोन महिन्यांवर असताना शस्त्रक्रिया करणाऱ्याचे फोटो सगळ्यात वाईट येतात.

शस्त्रक्रियेनंतर तीन-चार रात्री डोकं उंचावर ठेवून झोपायचं. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते, घाबरायचं नाही. पहिली धुणी मगने, शॉवरची धार नको. खपल्या दहाव्या दिवसापर्यंत जातात, नखाने काढल्या तर ग्राफ्ट सोबत येतो. हेल्मेट दोन आठवडे नाही. लावलेल्या जागी कातडी काळी पडू लागली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं. सिगारेट ओढणाऱ्यांत कातडी मरण्याचा धोका जास्त, म्हणून आधीपासून बंद.

हे करणार कोण

मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका बैठकीत सुमारे ९,५०० ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. मे २०२५ मध्ये कानपूरमधली दोन मृत्यूंची प्रकरणं उघड झाली आणि दातांच्या डॉक्टरवर गुन्हा नोंदला गेला. भूल फक्त जागेची असते हे खरं, पण बधिर करणाऱ्या लिग्नोकेनलाही मर्यादा आहे: अॅड्रिनलिनसोबत वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या द्रावणाचे जेमतेम २४ मिली. बैठक जितकी लांबते तितक्या वेळा सुई द्यावी लागते. आधी कानात आवाज, तोंडात लोखंडासारखी चव, मग झटके. एका दिवशी अडीच-तीन हजारांवर ग्राफ्ट देऊ करणाऱ्याला हा हिशेब तोंडी विचारावा.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं की हे काम प्रशिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञाचं किंवा प्लास्टिक सर्जनचं आहे, आणि कार्यशाळा किंवा यूट्यूबवरचे व्हिडिओ म्हणजे प्रशिक्षण नव्हे. नोंदणी क्रमांक मागून तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पंच कोण फिरवणार, छिद्रं कोण पाडणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असणार हे लेखी घ्या. 'टीम करते' हे उत्तर पुरेसं नाही.

तेल, पीआरपी, बायोटिन

तेलाने केस मऊ होतो, तुटायचा कमी होतो, डीएचटीवर काही होत नाही. पीआरपी म्हणजे स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट टाळूत टोचणं. काहींना फरक दिसतो, पण रक्त किती फिरवायचं, किती वेळा टोचायचं याचं एकमत नाही. औषधाला जोड म्हणून ठीक, औषधाऐवजी नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाची उणीव जेवणाऱ्या माणसात दुर्मीळ. उलट मोठ्या डोसाने थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन या चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्याआधी ते घेत असल्याचं सांगावं.

बायकांसाठी वाट थोडी निराळी

भांग रुंदावत असेल तर आधी लोह, थायरॉइड, आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार तपासायचा. मिनॉक्सिडिल चालतं, गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नाही. मूल होण्याच्या वयात फिनास्टेराइड नाही. पुरुषी संप्रेरकाला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन डॉक्टर देतात, तेही गर्भनिरोधकासोबत. शस्त्रक्रिया थोड्याच जणींना, कारण बायकांत बऱ्याचदा मागचे केसही विरळ होत असतात. घट्ट अंबाडा आणि ओढून बांधलेल्या वेणीने कपाळाच्या कडेचे केस जातात, त्यावर पहिलं औषध म्हणजे सैल बांधणं.

पैशाचं

थेंब आणि गोळीचा महिन्याचा खर्च ब्रँडनुसार काही शेकड्यांपासून हजार-दीड हजारापर्यंत. जेनेरिक घेतलं तर बराच कमी. शस्त्रक्रियेचा दर ग्राफ्टवर असतो आणि खोडी तिथेच होते. 'पाच हजार' म्हणजे केस की ग्राफ्ट, हे विचारा, कारण अडीच हजार ग्राफ्टमध्ये पाच हजार केस सहज असतात. दोन केसांचा झुबका चिरून एकेरी दोन ग्राफ्ट केले की बिल वाढतं, केस तेवढेच राहतात. त्यामुळे एकेरी किती, दुहेरी किती, तिहेरी किती असा मोजणीचा कागद मागायचा. सौंदर्यासाठीच्या केसरोपणावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो सांगितलेल्या दरात धरलाय का ते पाहायचं. मेडिक्लेम यात काही देत नाही. भाजल्याने किंवा अपघाताने गेलेल्या केसांची गोष्ट वेगळी. तिथे जीएसटीची सूट आहे, आणि विम्याचा अर्जही करून बघण्यासारखा असतो. त्यासाठी अपघाताचे जुने कागद शस्त्रक्रियेआधीच हाताशी ठेवायचे.